आधी विचारा, जागा कुणाची? सोलापुरातील नव्या नगरसेवकासाठी वस्ती आणि घरांच्या कामाचे मार्गदर्शन

निवडणुकीचा गुलाल अंगावरून पुरता उतरायच्या आत नगरसेवकाच्या दारात जी माणसे येतात, त्यांतली बरीचशी घरासाठी आलेली असतात. एखादी विडी कामगार बाई प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली घरपट्टीची पावती पुढे करते आणि विचारते, "अण्णा, आमचं घरकुल कधी व्हायचं?" नवा नगरसेवक उत्साहाने तिला उत्पन्नाचा दाखला काढायला सांगतो, आधार कार्डाच्या झेरॉक्स मागवतो आणि लेटरहेडवर शिफारस लिहून देतो. दोन वर्षांनी तीच बाई तीच पिशवी घेऊन पुन्हा दारात उभी असते, कारण अर्ज कुठे अडकला हे तिला कुणी सांगितलेले नसते आणि शिफारस करणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयांत बसून लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले. सुरुवातीला मीही उत्पन्नापासूनच सुरुवात करीत असे. पुढे सवय बदलली आणि पहिला प्रश्न ठरून गेला: "अक्का, घर ज्या जागेवर उभं आहे, ती जागा कुणाच्या नावावर आहे?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर कोणता कायदा लागेल, कोणत्या खात्याकडे जायचे, किती दिवस लागतील आणि काम होण्यासारखे आहे की नाही, हे जवळजवळ सगळे ठरते. पुढील मार्गदर्शन याच प्रश्नाभोवती रचले आहे.

प्रभागाची जागावार वही

सोलापूर हे एकसंध शहर नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. नगरपालिका १८५२ची, महानगरपालिका १ मे १९६४ची, आणि १९९२ची हद्दवाढ होईपर्यंत शहराचे क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस किलोमीटर होते. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी भोवतालची गावे आत आली आणि ते एकदम १७८.५७ चौरस किलोमीटर झाले. २०११च्या जनगणनेत या क्षेत्रात ९,५१,५५८ माणसे राहत होती. म्हणजे एका बाजूला दीडशे वर्षांपासून वसलेल्या पेठा आणि दुसऱ्या बाजूला कालपरवापर्यंत ज्वारीची शेते असलेले माळ, हे दोन्ही एकाच महापालिकेत आहेत आणि दोन्हीकडच्या घरांची कागदपत्रे पूर्णपणे वेगळ्या स्वभावाची आहेत.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांत दुसरे काही जमले नाही तरी चालेल, पण प्रभागाची जागावार वही तयार करावी. मतदार यादीचे भाग हाताशी घ्यावेत आणि प्रत्येक भागाबरोबर प्रत्यक्ष पायी फिरावे. सोबत शक्यतो कर विभागाचा लिपिक आणि पाणी सोडणारा चावीवाला असावा. लिपिकाला कागदावरची घरे माहीत असतात, तर चावीवाल्याला प्रत्यक्षातली. कोणत्या बोळात नंतर किती खोल्या वाढल्या, कोणत्या नळावर किती कुटुंबे आहेत, हे त्याच्याइतके कुणालाच सांगता येत नाही. वहीत वस्तीचे नाव, जागेचा प्रकार, तेथील लोकांकडे असलेला कागद आणि अडलेले काम, एवढे चार रकाने पुरेत. आपल्याला मते कमी पडलेल्या गल्ल्यांपासून फेरी सुरू करावी असा माझा सल्ला आहे, कारण तिथे पुन्हा जायला पुढे पाय उचलत नाहीत.

जागेचे प्रकार साधारण असे आढळतील. साखर पेठ, भवानी पेठ, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ या जुन्या भागांत नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेले आहे. तेथे मालमत्ता पत्रक मिळते, मात्र त्यावर बहुधा आजोबा-पणजोबांची नावे असतात आणि वारस नोंदच झालेली नसते. शहराच्या पूर्व भागात याच घरांत खाली यंत्रमाग आणि वर संसार असतो, त्यामुळे करआकारणीत घर किती आणि कारखाना किती हा वाद जन्माला येतो. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांनी कामगारांसाठी चाळी बांधल्या. गिरण्या बंद पडल्या, तरी चाळींत माणसे राहिली. तेथे जमिनीचा धनी वेगळा, खोलीचा ताबेदार वेगळा आणि कधीकधी मधे न्यायालयात पडून असलेला दावा, असा तिढा असतो. नाल्याकाठच्या, रेल्वेलगतच्या आणि सरकारी पडीवरच्या झोपडपट्ट्या हा तिसरा प्रकार. हद्दवाढ भागातील गुंठेवारी, म्हणजे शेताचे तुकडे पाडून गुंठ्यांनी विकलेल्या जागांवरची वस्ती, हा चौथा आणि, माझ्या मते, सर्वांत वेळखाऊ प्रकार. मंजूर लेआउट आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांची कागदपत्रे त्या मानाने सरळ असतात. तेथे खुली जागा आणि अंतर्गत रस्ते महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाले आहेत का, एवढे तपासून पुढे जावे.

फेरीत एक समज वारंवार खोडावा लागतो. घरपट्टी भरल्याची पावती ही मालकीचा पुरावा नसते. महापालिका ताबेदाराकडूनही कर घेते आणि विनापरवाना बांधकामावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली दुप्पट आकारणीही करते. तो दंड भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. वर्षानुवर्षे दुप्पट कर भरणाऱ्या माणसाला हे सांगणे जड जाते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचा मार्ग दाखवता येत नाही.

झोपडपट्टी: घोषित आहे का, हे आधी पाहावे

झोपडपट्टीच्या बाबतीत जागेच्या प्रश्नानंतर लगेच दुसरा प्रश्न येतो तो घोषणेचा. महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम, १९७१ यातील कलम ४ खाली एखादे क्षेत्र गलिच्छ वस्ती म्हणून राजपत्रात घोषित झालेले असेल, तर तेथील रहिवाशांना काही ठोस संरक्षण मिळते. उदाहरणार्थ, खासगी जागामालकाला तेथील रहिवाशाला बाहेर काढायचे असल्यास कलम २२ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. अघोषित वस्तीला हे कवच नसते. त्यामुळे महापालिकेच्या गलिच्छ वस्ती सुधारणा विभागात, ज्याला आपण सगळे 'गवसु' म्हणतो, तेथे जाऊन आपल्या प्रभागातील घोषित वस्त्यांची यादी, राजपत्राचा दिनांक आणि घोषणेत नोंदलेल्या चतुःसीमा उतरवून आणाव्यात. चतुःसीमा महत्त्वाच्या आहेत. वस्ती पुढे वाढलेली असते आणि वाढलेला भाग घोषणेबाहेर राहिलेला असतो, हे पुष्कळदा पाडकामाची नोटीस आल्यावरच कळते.

त्यानंतर कुटुंबनिहाय पुरावा गोळा करण्याचे काम येते. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणारे झोपडीधारक कायद्याने संरक्षित मानले जातात आणि १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क पुनर्वसनाची तरतूद आहे. म्हणून जुनी मतदार यादी, वीजबिल, शिधापत्रिका, मुलांचा शाळेचा दाखला आणि मिळालेला असल्यास फोटोपास (झोपडीधारकाला दिलेले छायाचित्रासह ओळखपत्र), यांतील ज्या कागदावर जुनी तारीख आणि तोच पत्ता आहे तो कागद सर्वांत मोलाचा. पावसाळ्यात नाल्याचे पाणी घरात शिरले की पहिल्यांदा हेच कागद भिजतात. आदिला नाला आणि शेळगी नाला यांच्या काठच्या वस्त्यांत मे महिन्यातच एक शिबिर घेऊन सर्वांचे कागद स्कॅन करून ठेवावेत. खर्च फार नाही आणि उपयोग दीर्घकाळ होतो. शिबिराची सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लावावी, नाहीतर पूर्व भागातल्या कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांपर्यंत ती पोहोचतच नाही.

जागा रेल्वेची किंवा केंद्र सरकारच्या अन्य खात्याची असेल, तर महापालिकेचा कोणताही ठराव त्या जमिनीवर हक्क देऊ शकत नाही. तेथे नळ, शौचालय वा गटार करायचे झाले तरी त्या खात्याचे ना-हरकत पत्र लागते. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. राज्य शासनाच्या वा महापालिकेच्या जागेवरील वस्तीत मात्र लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजनेतून किंवा महापालिकेच्या स्वतःच्या तरतुदीतून रस्ता, गटार आणि दिवाबत्तीची कामे मागता येतात.

पाडकामाची नोटीस आली, तर

नगरसेवकाची कसोटी आणि फसगत दोन्ही येथे होतात, म्हणून या भागावर थोडे थांबतो. अतिक्रमण हटवण्याचे पथक येणार असे कळताच रहिवासी धावत येतात आणि "एक पत्र द्या, काम थांबेल" अशी विनवणी करतात. माझ्या माहितीतल्या एका नगरसेवकाने असे पत्र जवळजवळ लिहून दिलेच होते; सही करण्याआधी त्यांच्या वकील भाच्याने कायद्याचे पुस्तक पुढे ठेवले म्हणून ते बचावले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम १० च्या पोटकलम (१ड) नुसार, ज्या नगरसेवकाने स्वतः, पती-पत्नीने वा अवलंबिताने विनापरवाना बांधकाम केले असेल, किंवा ज्याने असे बांधकाम पाडण्याच्या कामात लेखी पत्राने वा प्रत्यक्ष अडथळा आणला असेल, तो उरलेल्या मुदतीसाठी अपात्र ठरतो. 'लेखी पत्राने' हे शब्द नीट वाचावेत. सद्भावनेने लिहिलेले चार ओळींचे पत्रही त्यात बसू शकते.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा नाही. 'पाडू नका' असे लिहिण्याऐवजी 'कायद्याने ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली आहे का, याची माहिती द्यावी' असे लिहावे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणांसह आदेश या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. त्याच निकालात हेही म्हटले आहे की, रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण लागू नाही; म्हणजे पुन्हा प्रश्न तोच, जागा कुणाची. नोटीस हाती आली की तिचा दिनांक, तिच्यात नमूद केलेले कलम आणि मोजमाप पाहावे, रहिवाशाला स्वतःच्या नावाने लेखी उत्तर द्यायला लावावे आणि त्या उत्तराची शिक्क्यासह पोच घ्यावी. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावे. नगरसेवकाने आपली भूमिका येथपर्यंतच ठेवावी.

गुंठेवारी: सर्वाधिक वेळ येथेच द्यावा

हद्दवाढ भागातील एखाद्या नगराची कहाणी साधारण अशी असते. शेतकऱ्याने बिनशेती न करता शेताचे तुकडे पाडले, मधे बारा-पंधरा फुटांचे रस्ते सोडले आणि एकेक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, विकून टाकला. घेणाऱ्याने विड्या वळून, मागावर राबून किंवा गवंडीकाम करून साठवलेले पैसे त्यात घातले. कुणाकडे नोंदणीकृत खरेदीखत असते, कुणाकडे साठेखत (विक्रीचा नुसता करार), कुणाकडे कुलमुखत्यारपत्र, तर कुणाकडे नुसता नोटरी केलेला बॉण्ड. सातबाऱ्यावर मात्र एकतर मूळ शेतकऱ्याचे नाव असते किंवा सामाईक क्षेत्रात चाळीस-पन्नास नावांची रांग लागलेली असते.

महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमितीकरण, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ हा अशांसाठीच आहे. मुळात तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीपुरता होता. २०२१च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली गेली. सरकारी वा महापालिकेच्या जागेवरील अतिक्रमण मात्र या कायद्याने नियमित होत नाही, आणि विकास आराखड्यातील रस्त्याखाली किंवा आरक्षणाखाली आलेल्या भूखंडाचे प्रकरण अडकून पडते.

काम करण्याची माझी पद्धत सांगतो. एकेका घराचा अर्ज सुटा सुटा दाखल करण्याच्या फंदात पडू नये. गटनंबर, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा क्रमांक, धरावा. त्या गटनंबरचा सातबारा, फेरफार आणि विकास आराखड्याचा भागनकाशा प्रथम काढावा आणि नगररचना विभागातून त्या गटावर कोणता रस्ता वा आरक्षण आहे याचा लेखी अभिप्राय घ्यावा. मग त्या गटातील सर्व भूखंडधारकांची बैठक त्यांच्याच वस्तीत, रात्री आठनंतर, माणसे कामावरून परतल्यावर घ्यावी. बैठकीत परवानाधारक अभियंत्याकडून संपूर्ण गटाची एकत्रित मोजणी करून घेण्याचा निर्णय व्हावा, कारण एकत्रित नकाशात रस्त्याची रुंदी, खुली जागा आणि प्रत्येकाची हद्द एकाच वेळी ठरते आणि मोजणीचा खर्चही वाटून जातो. या बैठकीत भांडणे होतात. कुणाची भिंत रस्त्यात आलेली असते, कुणाचा भूखंड दोघांना विकलेला असतो. ही भांडणे अर्ज करण्यापूर्वी उघड होणे बरे. ती नंतर उघड झाली तर सगळ्या गटाचे अर्ज खोळंबतात.

ज्यांच्याकडे फक्त बॉण्ड आहे त्यांना स्पष्ट सांगावे की, मूळ विक्रेता किंवा त्याचे वारस हयात आहेत तोवर खरेदीखत नोंदवून घ्यावे, कारण पिढी बदलली की किंमत वाढते आणि ओळख पुसते. प्रशमन शुल्क (अनियमितता नियमित करण्यासाठीचे शुल्क) आणि विकास शुल्क किती येईल याचा अंदाज तोंडी न देता विभागाकडून लेखी घ्यावा. भरलेल्या पैशातून त्याच वस्तीत रस्ते व गटारे व्हावीत हा या कायद्याचा हेतू आहे. म्हणून कोणत्या गटातून किती शुल्क जमा झाले आणि त्यातील किती तेथे खर्च झाले, हा प्रश्न सभागृहात दरवर्षी विचारण्याजोगा आहे. लोक शुल्क भरायला कचरतात, आणि भरल्यावर वर्षानुवर्षे दारातला चिखल हटत नसेल तर त्यांना दोष कसा द्यावा?

घरकुलाचा अर्ज

जागेचा प्रश्न सुटलेला असेल, तर घरकुलाचे काम बरेचसे सरळ आहे. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, कुटुंबातील कुणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर नाही आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही शासकीय गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नाही, या मुख्य अटी आहेत. स्वतःच्या जागेवर ३० ते ४५ चौरस मीटर चटई क्षेत्राचे घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे आणि महापालिका क्षेत्रात तिचेही अनुदान अडीच लाखांचे आहे. एका कुटुंबाला एकाच योजनेचा लाभ मिळतो, हे अर्ज भरण्यापूर्वी सांगावे.

अडीच लाखांत घर पूर्ण होत नाही, ही गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही. पाया झाल्याचे छायाचित्र जिओ-टॅग करून, म्हणजे ठिकाणाच्या नोंदीसह, अपलोड झाले की हप्ता, छत झाले की पुढचा हप्ता, अशी रीत असल्याने ज्याच्या हाती सुरुवातीचे पैसे नाहीत तो पायापाशीच अडतो आणि जुने घर मोडून बसलेले कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते. म्हणून अर्ज मंजूर झाल्यावर जुने घर मोडण्याआधी त्या कुटुंबाशी पैशांचा हिशेब बसून करावा. बचतगट वा बँकेचे कर्ज मिळण्याची शक्यता त्याच वेळी तपासावी. खासगी सावकाराच्या पैशावर पाया घालू देऊ नये.

जागाच नसलेल्या कामगारांसाठी सोलापूरने एक वेगळी वाट दाखवली आहे. विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर सहकारी संस्थेची १०,००० घरे कुंभारीजवळ उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. त्यानंतर माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प झाला. त्याची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी आणि पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. संघटित मागणी, सहकारी संस्था आणि सामूहिक जमीनखरेदी या तिन्हींचा तो परिणाम आहे. मात्र कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. आपल्या प्रभागातून तेथे गेलेल्या कुटुंबांना मतदार यादी, शिधापत्रिका आणि शाळा बदलून घेण्यास मदत करावी. तेथील पाणी वा रस्त्याचे आश्वासन देण्याचा अधिकार नगरसेवकाला नाही.

जुने वाडे आणि माळवदाची घरे

पावसाळ्यापूर्वी पेठांतील धोकादायक इमारतींची यादी झोन कार्यालयाकडून मागून घ्यावी. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ प्रमाणे आयुक्त धोकादायक बांधकाम उतरवण्याची नोटीस देऊ शकतात, आणि कलम २६५ अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. दगडी वाडा वरून भक्कम दिसतो, पण माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दर पावसाळ्याआधी नवी माती चढवत गेल्याने वजन वाढत राहते आणि तुळया आतून कुजलेल्या असतात.

येथे भाडेकरू घर सोडायला तयार नसतो, कारण एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, अशी त्याची भीती असते. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. घर रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील क्षेत्राची मोजणी, छायाचित्रे आणि मालकाच्या सहीचे टिपण करून त्याची प्रत महापालिकेत जमा करावी. ते झाले की बहुतेक भाडेकरू ऐकतात.

सभागृहात काय मागावे

लोकांची कामे कार्यालयात अर्ज लिहून होतात, पण त्यांना लागणारा पैसा आणि धोरण सभागृहात ठरते. करांचे दर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीपूर्वी निश्चित व्हावे लागतात आणि अंदाजपत्रकाची चर्चा त्याच सुमारास चालते, म्हणून वहीतील कामांची मागणी दिवाळीनंतर लगेच, झोनच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रकीय रक्कम घालून घेऊन, लेखी द्यावी. मार्चमध्ये केलेले भाषण वर्तमानपत्रात छापून येते. त्यासाठी निधी मात्र उरलेला नसतो.

कलम ४४ प्रमाणे नगरसेवकाला आयुक्तांना प्रश्न विचारता येतात. हा अधिकार आरोप करण्यापेक्षा आकडे मिळवण्यासाठी वापरावा: अमुक झोनमध्ये गुंठेवारीचे किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती त्रुटीत आहेत. कायद्याविरुद्ध ठराव घाईने मंजूर करून लोकांना खूश करण्याचा मोह टाळावा. असा ठराव शासन कलम ४५१ खाली निलंबित वा रद्द करू शकते, आणि तोवर लोकांनी त्या ठरावाच्या भरवशावर वीटबांधकाम सुरू केलेले असते. ठेकेदाराचे नाव सुचवू नये. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणे हेही अपात्रतेचे कारण आहे.

आरक्षणांकडे बहुतेकांचे लक्ष नसते. विकास आराखड्यात खेळाचे मैदान, शाळा वा दवाखाना यासाठी राखलेली खासगी जमीन महापालिकेने दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे 'जमीन विकत घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपते. वस्तीला मिळणारे एकमेव मैदान असे गुपचूप निसटते. प्रभागातील प्रत्येक आरक्षणाची स्थिती वर्षातून एकदा नगररचना विभागाकडून लेखी घ्यावी आणि खरेदी सूचना आलेली असल्यास त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद मागावी.

पाण्याबद्दल थोडेच लिहितो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. उजनीचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात नव्या वस्तीला नळ जोडणी देताना जुन्या वस्तीचा दाब किती कमी होईल हे जलविभागाच्या अभियंत्याला विचारूनच शब्द द्यावा.

चौघांचा प्रभाग

सोलापुरात २०१७ पासून बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. २६ प्रभागांत १०२ नगरसेवक अशी रचना झाली. लोक एकाच कामासाठी चौघांकडे अर्ज देतात आणि अधिकारी चौघांनाही 'बघतो' म्हणतो. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असले तरी जागावार वही एकच ठेवावी आणि महिन्यातून एकदा झोन कार्यालयात एकत्र बसून तिच्यातील अडलेली प्रकरणे अभियंत्यासमोर वाचावीत. श्रेयाचे फलक नंतर वाटून घेता येतात.

प्रत्येक अर्जदाराच्या हातात आवक क्रमांक, दिनांक आणि विभागाचा शिक्का असलेली पोच असलीच पाहिजे, मग ती व्यक्ती कितीही ओळखीची असो. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकाचा काळ सुरू झाला, तेव्हा संपर्क कार्यालयांतील कित्येक फायली कपाटात तशाच पडून राहिल्या. माझ्याकडे त्या दिवसांत जी माणसे आली, त्यांतल्या ज्यांच्या पिशवीत आवक क्रमांक होता त्यांना मी थेट झोन कार्यालयाच्या खिडकीवर पाठवू शकलो. बाकीच्यांचे अर्ज पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावे लागले.